मिठाचा पांढरा

भाईंदर (पूर्व)
१२ फेब्रुवारी २००६

विनिता,

फोन करू नकोस म्हणालीस, मेसेज करू नकोस म्हणालीस, स्टेशनवर उभा राहू नकोस म्हणालीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस. तेवढ्या फटीतून आत येतोय. मिरजेच्या हॉस्टेलचा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस. ज्याने दिला त्याला मी जन्मभर चहा पाजणार आहे.

आधी बातम्या. कॉलेज सोडलं. हजेरीवरून प्राचार्य नको ते बोलले, म्हणून मी आयकार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. काचेला तडा आधीपासून होता असं माझं म्हणणं आहे. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. "त्याला सांग, पंखा बंद कर." मी पंख्याच्या बटणाखालीच बसलेला असतो.

दुसरी बातमी, नोकरी लागली. केबिन रोडला गुणवंतभाईंची फोटो लॅब आहे ना, तिथे. लोक सीडी आणतात, मेमरी कार्ड आणतात, आम्ही प्रिंट काढून देतो. स्क्रीनवर बघताना सगळे खूश असतात आणि प्रिंट हातात आली की भांडायला उठतात. "माझी बायको एवढी पिवळी आहे का?" "साडी जांभळी होती, ही निळी कशी झाली?" आणि त्यांना शांतपणे समजवायचं काम कुणाला, तर मला. हस. मीसुद्धा हसतो.

जाताना तू म्हणाली होतीस, "कौस्तुभ, तू बघत नाहीस, नुसता भडकतोस." तेव्हा मी त्या वाक्यावरही भडकलो होतो. आता सकाळी दहापासून बघायचंच काम आहे, आणि खरं सांगतो, बरं वाटतंय. तू ते बोलली नसतीस तर दुकानाबाहेरची 'मुलगा पाहिजे' पाटी वाचून मी पुढे गेलो असतो. म्हणून पहिलं थँक्यू इथेच लिहून ठेवतो.

आता खरं कारण. काल तुझे बाबा दुकानात आले.

मी काउंटरवर. त्यांनी पाकिटातून सीडी काढली, वर बघितलं आणि सीडी परत आत घातली.

"तू हितं?"

"हो काका. नोकरी करतो."

ते वळलेच होते. तेवढ्यात गुणवंतभाई आतून आले, "अरे परशुरामशेठ! आओ, बैठो, कितने दिन बाद!" मग त्यांना थांबावं लागलं. सीडी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही दुकानाला देतोय. तुला न्हाय."

उघडली तर तुमचं मिठाचं आगर. वाफे, पाणी, मिठाच्या राशी, लांब फावडी घेतलेली माणसं. तुझ्या भावाने, योगेंद्रने काढलेले फोटो, त्या मॉरिशसच्या हनिमूनसाठी घेतलेल्या चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर. काकांना एक मोठा फोटो हॉलसाठी हवाय आणि बाकीचे भावांना, बहिणींना वाटायला. मी विचारलं, एकदम एवढे का? म्हणाले, "यंदाचं शेवटचं मीठ. फुडल्या साली आगर न्हाय." तुला माहीत असेलच. मला माहीत नव्हतं.

मी मशीनला लावले, प्रिंट काढली, पंख्याखाली धरली आणि दिली. त्यांनी चष्मा चढवला.

"ही कुनाची राख?"

"काका, फोटोत थोडं असं येतं…"

"दोन दुकानांत हेच आयकून आलोय. माझं मीठ असं न्हाय."

आणि गेले. सीडी ठेवून गेले, तेवढंच.

माझा पारा चढायची वेळ झाली होती. पण मी प्रिंटकडे बघितलं. मिठाची रास ओल्या सिमेंटसारखी दिसत होती. त्यांचं बरोबर होतं.

योगेंद्रच्या हळदीत जे झालं ते तू विसरली नसशील. तो म्हणाला, "बिल्डिंगवाल्यांना नाचता येत न्हाय, कोपऱ्यात उभं राहा." मी ढकललं आणि हळदीचं ताट उलटं झालं. तुझे बाबा म्हणाले, "माझ्या दारात परत पाय ठेवायचा न्हाय." तू त्यांच्या मागे उभी होतीस आणि जमिनीकडे बघत होतीस.

काका म्हणाले की आगराच्या शेवटच्या दिवशी, मेमध्ये, सगळं घर जमणार आहे. म्हणजे तूही येणार. मला एवढंच हवंय की तोपर्यंत तुझ्या बाबांनी स्वतःच्या तोंडाने मला घरात ये म्हणावं. बाकी काही मागत नाही. (बाकी सगळं मागतोय, पण पत्रात नाही.)

कौस्तुभ


२ मार्च २००६

विनिता,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे, आणि तू फाडलं असलंस तरी फाडण्याआधी हातात घेतलं असशील. मला चालेल.

मीठ राखाडी का येतं ते कळलं. गुणवंतभाईंनी सांगितलं: "देख, मशीन को क्या मालूम ये नमक है? उसको इतना सफेद दिखा तो बोलती है, अरे, उजाला ज्यादा हो गया, किसी की गलती है. तो खुद ही अंधेरा डाल देती है." कॅमेराही हेच करतो. म्हणजे योगेंद्रच्या कॅमेऱ्याने एकदा काळं केलं आणि आमच्या मशीनने वर पुन्हा काळं केलं. दोघांनी मिळून तुमच्या मिठाची राख केली.

मी मशीनची आपोआप दुरुस्ती बंद केली आणि उजेड वाढवला. अजून वाढवला. रास पांढरीशुभ्र! काकांना फोन केला, ते आले. प्रिंट घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"आता पांढरा हाय. पन मीठ न्हाय. चुना हाय. दाना कुठं गेला?"

आणि खरंच, दाणा नव्हता. कोरा कागद होता. माणसांची तोंडंही धुऊन निघाली होती.

वर म्हणाले, "आनि या मागच्या बिल्डिंगी काढ."

"काका, त्यात डावीकडची आमची आहे. इंद्रलोकमधली."

"मंग ती आदी काढ."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिन्ही हसली. आणि माझं गेलं डोकं. म्हणालो, "तुम्हाला काहीच पसंत पडत नसेल तर तुम्हीच काढा प्रिंट!" चांगलं मोठ्याने. गुणवंतभाईंनी कपाळाला हात लावला.

तुझे बाबा अजिबात चिडले नाहीत. चष्मा काढून खिशात ठेवला. "आवाज खाली. हितं हळद न्हाय."

ते गेल्यावर मला वाटलं गुणवंतभाई मला काढणार. ते म्हणाले, "कागद खराब कर, चलेगा. गिराक खराब मत कर." आणि रोलमधले उरलेले तुकडे माझ्याकडे सरकवले, ट्रायलसाठी. असा माणूस मला मिळायला मी काय केलं होतं ते मला माहीत नाही.

रविवारी घरी बसून करून बघितलं. बाबांनी कुठूनतरी कलर प्रिंटर आणलाय, त्यांचं ऑफिसचं काम करायला. मी चकचकीत फोटो पेपर आणला, फोटो पाठवला, प्रिंट निघाली. रंग बरा वाटला, पण वाळेचना. पंख्याखाली ठेवली, खिडकीत ठेवली. आई तांदूळ निवडत होती, तिचा पदर लागला आणि अर्धं आगर पदराला. म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचं मीठ माझ्या साडीला लागलं." मी म्हटलं, "कोण सासरा?" "मला शिकवतोस?" आईला सगळं माहीत आहे. बहुतेक तुझ्याआधीपासून माहीत होतं.

दुसरी काढली, तीही ओली. तिसरी काढली. मी प्रिंटरला एक ठेवून देणार इतक्यात मागून आवाज आला, "कागद उलटा घातलायस, गाढवा. चकचकीत बाजू बघ."

बाबा. थेट मला. मध्ये आई नाही.

मी कागद फिरवला. प्रिंट वाळली. मीठ गुलाबी आलं होतं, ते जाऊ दे. बाबा चष्म्यातून बघत म्हणाले, "कुठलं आहे हे? आपल्या मागचं?" मी म्हटलं हो. खिडकीतून इतकी वर्षं दिसतंय ते. ते म्हणाले, "गुलाबी नसतं ते." आणि पेपर वाचायला गेले. गाढव म्हटल्याचा इतका आनंद मला आजवर झालेला नाही.

काल तुझे बाबा परत आले, न बोलावता. मी आधी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"मीठ पाह्यलंयस कवा?"

"रोज खातो."

"खातोस. पाह्यलंयस?"

मी चुन्याची ती प्रिंट काउंटरखाली सरकवली.

"ऐतवारी सकाळी ये. आगरात ये. दारात न्हाय."

कौस्तुभ


१९ मार्च २००६

विनिता,

गेलो होतो. तुला काय सांगायचं, तू तिथे लहानाची मोठी झालीस. पण मी वीस वर्षांचा होईपर्यंत हे खिडकीतून बघितलं आणि मला ते रिकामं मैदान वाटायचं. म्हणून सांगतो.

मी बूट घालून गेलो. काका म्हणाले, "वाफ्यात बूट?" काढले. मिठाची धार तळव्यांना लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नाचायला लागलो. काकांनी कमरेवर हात ठेवले. "योग्या म्हनत व्हता बिल्डिंगवाल्यांना नाचता येत न्हाय." आणि हसले, विनिता. तुझे बाबा माझ्यावर हसले. दात दिसेपर्यंत. मी तो विनोद आधी एकदा ऐकला तेव्हा ताट उलटं केलं होतं. या वेळी मला हसू आवरेना.

मग त्यांनी मला राशीपाशी उभं केलं. बघ, एवढंच. मी बघत राहिलो. पहिल्यांदा नुसतं पांढरं दिसलं, डोळे दिपले. मग हळूहळू कळायला लागलं. उन्हाची बाजू वेगळी, किंचित पिवळट. सावलीची बाजू निळसर. खाली जिथे अजून पाणी निथळतंय तिथे काचेसारखं. आणि दाणे, प्रत्येकाला एक उजेडाची आणि एक अंधाराची बाजू. अंधाराची बाजू गेली की दाणाच जातो. मी दुकानात तेच केलं होतं, सगळा अंधार पुसून टाकला होता.

काकांनी दोन ठिकाणचं मीठ ओंजळीत घेऊन दाखवलं. मला दोन्ही सारखंच दिसलं, तसं सांगितलं. ते म्हणाले, "मलापन आता सारखंच दिसतंय, डोळ्यांत मोती झालाय." मग आम्ही दोघेही एकाच ओंजळीकडे बघत उभे राहिलो. मी विचारलं, थोडं घेऊन जाऊ? त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिलं.

सोमवारी मी दुकानात काळ्या ट्रेमध्ये ते मीठ पसरलं. गुणवंतभाई म्हणाले, "नमक ले आया? कल मिर्ची ले आ, हल्दी ले आ. लॅब बंद, किराना चालू." पण त्यांनीच ट्रे उचलून दुकानाबाहेर उन्हात ठेवला. म्हणाले, ट्यूबखाली सगळं खोटं दिसतं, प्रिंट उन्हात बघायची. मग एक प्रिंट काढायची, बाहेर जाऊन मिठाच्या शेजारी धरायची, परत आत. केबिन रोडवरचे रिक्षावाले विचारायला लागले, "भाई, क्या बेच रहे हो?"

हा भाग नीट वाच, कारण मला अभिमान वाटतोय. उजेड वाढवायचा म्हणजे सगळा फोटो उचलायचा नाही. कॉम्प्युटरवर एक रेघ असते, एका टोकाला अंधार आणि दुसऱ्या टोकाला उजेड. मधला भाग वर घ्यायचा आणि उजेडाचं टोक जागच्या जागी दाबून ठेवायचं. मग रास पांढरी होते आणि दाणाही राहतो. थोडा निळा कमी केला आणि कागद मॅट घेतला, कारण चकचकीतवर ट्यूबची रेघ बसते.

आणि एक गंमत. दाणा राहिला कारण योगेंद्रने फोटो काळपट काढले होते. त्याने उजेड जास्त घेतला असता तर फोटोतच दाणा नसता, आणि मग मी काय, कुणीच काही करू शकलं नसतं. योगेंद्रचे आभार मानायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. मानतो. त्याला सांगू नकोस.

शुक्रवारी काका आले. प्रिंट घेतली, बाहेर उन्हात गेले. राशीवरून अंगठा फिरवला, जसं कापड बघतात तसं.

"हां," म्हणाले.

"हां म्हणजे?"

"हां म्हंजे मीठ."

मागच्या बिल्डिंगी तशाच आहेत. मी विचारलं, काढू का? म्हणाले, "राहू दे. हायेत त्या हायेत."

सगळ्यांसाठी प्रिंट्स सांगितल्या. मग पाकीट घेतलं, चप्पल घातली. मी वाट बघत होतो. तुला माहीत आहे कशाची. ते म्हणाले, "मोठा फोटो गुंडाळून दे, दुमडू नको," आणि गेले.

तोंडापर्यंत आलं होतं. जीभ चावली, खरोखर चावली, संध्याकाळपर्यंत चहा झोंबत होता. पण रागाने नाही. त्यांनी मला ती ओंजळ दाखवली होती. त्यावर आणखी मागायला जीभ रेटली नाही.

कौस्तुभ


२८ मे २००६

विनिता,

आज तू इथे होतीस, म्हणून हे पत्र वेडेपणा आहे. मंगळवारी तू मिरजेला पोचशील आणि हे तुझ्या मागोमाग येईल. पण आज माझ्या बाजूने काय दिसलं ते तुला माहीत नाही.

गुरुवारी योगेंद्र दुकानात आला. दारातच उभा राहिला. "बाबांनी बोलवलाय. ऐतवारी आगरात. कॅमेरा घेऊन ये. दुकानाचा मानूस म्हनून. हवेत जाऊ नको."

मी गुणवंतभाईंकडे बघितलं. त्यांनी आतून स्वतःचा चांगला कॅमेरा आणून दिला. म्हणाले, "गिरा तो तू भी गिरा."

मी पोचलो तेव्हा सगळे होते. काका, काकी, तुझे दोन्ही चुलते, पुष्पलताआत्या, योगेंद्र आणि त्याची बायको, आणि तू. निळ्या ड्रेसमध्ये, चप्पल हातात घेऊन. शेवटची रास तयार होती. काकीने तिला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. योगेंद्र ओरडला, "हळदीचं ताट लांब ठेवा रे, फोटोवाला आलाय!" सगळे हसले. मीही हसलो. तू माझ्याकडे बघितलंस, मी उठतोय का ते. बघितलंस ना? मी पाहिलं तुला बघताना.

मग सगळ्यांना राशीपुढे उभं केलं. पुष्पलताआत्या म्हणाल्या, "ऊन डोळ्यांत जातं, माझं बारीक डोळं येतील." मी म्हटलं, आत्या, ऊन तोंडावर असलं तरच मीठ मीठ दिसेल. त्या म्हणाल्या, "म्हंजे मिठासाठी मी आंधळी?" काका म्हणाले, "आयुष्यभर तेच केलं की सगल्यांनी." त्यावर सगळ्यांनी वळून मिठाकडे बघितलं. त्या क्षणी मी एक फोटो काढला, तो कुणाला सांगितला नाही. तो तुला पाठवतो.

नंतर काका म्हणाले, "तू पन ये, उभा रा."

मी म्हटलं, "मी? मग काढणार कोण?"

"त्याला आपोआप निघायचं बटन असतं ना? योग्याचा फोटो तसाच हाय, मॉरिशसचा."

मी घमेलं पालथं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि पळत आलो, वाफ्यातून, अनवाणी, अगदी शेवटी पुष्पलताआत्यांच्या बाजूला. आत्यांनी माझा दंड धरला, पडेन म्हणून. दिवा लुकलुकत होता तेव्हा मी काय विचार करत होतो माहीत आहे? काहीही नाही. डोकं इतकं रिकामं आणि थंड मला आठवत नाही.

मग सगळे घराकडे जेवायला निघाले. मी कॅमेरा पुसत होतो. तू मागे राहिलीस आणि म्हणालीस, "जेवून जा." मिरजेला गेल्यानंतर पहिल्यांदा बोललीस, विनिता. दोन शब्द. मी ते मिरजेच्या डॉक्टरांना दाखवून कायमचे छातीत बसवून घेतले असते.

आणि मी म्हणालो, "नको, दुकान आहे."

तुझा चेहरा उतरला. रविवारी अर्धाच दिवस दुकान असतं हे तुलाही माहीत आहे. पण ऐक. मला तुझ्या शब्दाने आत यायचं नव्हतं. तुझ्या बाबांनी आगरात बोलावलं, दारात नाही. जेवायला या असं त्यांनी सगळ्यांना म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी तुझ्यामागून आत शिरलो असतो तर पुन्हा तेच, घुसलेला मुलगा. ताट उलटं करणारा. मला ते ताट सरळ करून आत यायचंय.

म्हणून उपाशी परत आलो आणि तुझ्या दोन शब्दांवर संध्याकाळ काढली. थँक्यू. तू विचारलंस यासाठी.

कौस्तुभ


११ जून २००६

विनिता,

सोबतचा लिफाफा सांभाळून उघड, त्यात पुठ्ठा घातलाय. आधी पत्र वाच, मग फोटो बघ.

काकांनी घरच्यांच्या फोटोसाठी फ्रेम आधीच आणली होती, आठ बाय दहाची, सोनेरी काठाची. म्हणाले, यात बसेल असा दे. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. कॅमेऱ्याचा फोटो लांबट असतो आणि आठ बाय दहाचा कागद त्याच्यापेक्षा आखूड, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलं जातं. डावीकडे तुझे मोठे काका अर्धे जात होते, उजवीकडे मी. चौकट उजवीकडे सरकवली तर मी राहतो आणि मोठे काका पूर्ण जातात. डावीकडे सरकवली तर मोठे काका राहतात, पुष्पलताआत्या राहतात आणि मी जातो.

यात विचार करण्यासारखं काय होतं? डावीकडे सरकवली. आत्यांच्या दंडाजवळ माझी चार बोटं राहत होती, तीही मिठाच्या रंगाने नीट पुसली. सुंदर प्रिंट आली. घरचे सगळे, मागे रास, दाण्यासकट. मी ती पाकिटात घातली आणि मला वाईट वाटत नव्हतं. खोटं कशाला लिहू, थोडं वाटत होतं.

सोमवारी काका आले. चष्मा चढवला, बाहेर उन्हात गेले. मी काउंटरवरून बघत होतो. ते बोटाने एकेकावर टेकवत गेले, ओठ हलत होते. परत पहिल्यापासून मोजलं. मग आत आले.

"एक मानूस कमी हाय."

"नाही काका, घरचे सगळे आहेत. मी बघितलंय."

"मी मोजलेत. एक कमी हाय."

"मी होतो शेवटी. आठ बाय दहात मावत नव्हतो, म्हणून…"

"मंग?"

"मग मला काढलं. फ्रेम तुमची आठ बाय दहाची आहे."

त्यांनी प्रिंट काउंटरवर ठेवली. "मी तुला उभा केला का न्हाय?"

"केलात."

"उभा केलेला मानूस कापायचा? कागद कमी पडतो तर कागद वाढव."

विनिता, आमच्या मशीनवर आठ इंची रोल असतो. रुंदी ठरलेली, लांबी हवी तेवढी घेता येते. आठ बाय दहा, आठ बाय बारा, मधलं काहीही. मला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. कुणाच्याही फोटोला मी ते सुचवलं असतं. स्वतःला कापताना मला ते आठवलंच नाही.

गुणवंतभाई मागून म्हणाले, "पर शेठ, उस साइझ की फ्रेम बाजार में नहीं मिलेगी."

"सुतार मेला न्हाय अजून," काका म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघून, त्याच आवाजात, जणू बिलाबद्दल बोलतायत, "फ्रेम करून घे. झाली की घरी घेऊन ये. हॉलमदी खिळा तूच मारायचा. वाकडा मारलास तर बघ."

"घरी?"

"मंग काय फोटो आगरात लावू?"

आज सकाळी गेलो. सुताराने कच्च्या सागाची फ्रेम केलीय, सोनेरी काठ नाही, मला ही जास्त आवडली. दारात चप्पल काढली. काकी म्हणाली, "ये." योगेंद्रने स्टूल धरलं आणि मुद्दाम एकदा हलवलं. मी वरून म्हटलं, "वहिनी, याला आवरा." काका खुर्चीत बसून सांगत होते, "डावीकडं. आता वर. जास्त झाला. हां." खिळा सरळ बसलाय. मी जेवलो. वालाची भाजी, कोळंबी, भात. दुसऱ्यांदा भात काकांनी वाढला, मी नको म्हणत असताना.

तिथे तुझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही नाही. तू काय ठरवलंयस ते मला माहीत नाही. शिक्षण पुरं कर, पुढे तिथेच नोकरी धरलीस तरी मी गेटवर उभा राहणार नाही. तुझ्या बाबांनी, आमच्या बाबांनी, गुणवंतभाईंनी आणि तू, मला या काही महिन्यांत इतकं दिलंय की अजून मागायला लागलो तर मलाच लाज वाटेल.

आमचे बाबा परवा दुकानात आले होते, पासपोर्ट फोटो काढायला. पासपोर्ट काढायचाच नाहीये त्यांना.

आता लिफाफा उघड. वर तो न सांगितलेला फोटो आहे, काका बोलल्यानंतरचा, सगळे मिठाकडे बघतायत तो. त्याखाली घरच्यांचा, पूर्ण लांबीचा. तू मध्ये आहेस, काकीच्या शेजारी. मी उजव्या टोकाला, धापा टाकतोय. आपल्या दोघांच्या मधली सगळी माणसं तुमच्या घरची आहेत आणि एकही मला ढकलत नाहीये. आत्यांनी तर धरून ठेवलंय.

प्रिंट कडेने धर. मध्ये बोट लागलं तर ठसा उठतो, आणि तो जात नाही.

लागलाच कुठे, तर राहू दे.

कौस्तुभ